संशयिताची किंमत

रहस्यकथा हा मराठी वाचकाचा जुना विरंगुळा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि धनंजय, छोटू, झुंजार, काळा पहाड ही नावे एका संपूर्ण पिढीच्या तोंडी बसवली. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय असो की धुळ्याचे गरुड वाचनालय असो, गंभीर ग्रंथांच्या शेजारी या कथांनाही जागा मिळाली ती वाचकांच्या आग्रहामुळेच. या वाङ्मयप्रकारातील एक कथानक हुकमी मानले जाते. खून होतो. सारा पुरावा एका गरीब, निरपराध माणसाकडे बोट दाखवतो. पोलीस त्याला पकडतात. शेवटच्या प्रकरणात चतुर नायक खऱ्या खुन्याचा बुरखा फाडतो आणि निरपराध्याच्या हातातील बेड्या गळून पडतात. वाचक समाधानाने पुस्तक मिटतो.

या कथानकात एक गृहीत दडलेले असते. निरपराध्याला गोवण्यासाठी कोणी तरी कारस्थानी मनुष्य लागतो. रक्ताळलेला सुरा त्याच्या पेटीत कोणी तरी बुद्धिपुरस्सर ठेवावा लागतो. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र अशा खलनायकाची गरज पुष्कळदा पडतच नाही. वरिष्ठांचा तगादा, वृत्तपत्रांतील मथळे, घाबरलेला साक्षीदार, ठरावीक नमुन्यातील कागद आणि ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नाही असा मनुष्य, एवढी सामग्री पुरेशी होते. सरकारी कचेरीत ज्यांनी आयुष्य काढले आहे त्यांना हे सहज समजावे. फाइल एकदा एका दिशेने चालू लागली की तिला उलट फिरवणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

महाराष्ट्रात घडलेल्या एका प्रकरणाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात शेतातील एका झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली. एका स्त्रीवर आणि एका कोवळ्या मुलीवर अत्याचार झाले. घरातील एक स्त्री आणि तिचा मुलगा जखमी अवस्थेत वाचले. अशा अमानुष कृत्यानंतर समाज हादरला नसता तरच नवल. आरोपी ताबडतोब मिळाले पाहिजेत, अशी मागणी होणे स्वाभाविक होते. आरोपी मिळालेही. जालना जिल्ह्यातील, भटक्या जमातीतील, मोलमजुरी करणारे सहा जण पकडले गेले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. राज्य सरकारला ही सवलत मान्य नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० एप्रिल २००९ रोजी त्या न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच ठोठावली. तीन पायऱ्यांवरची तीन न्यायालये दोषाबाबत एकमताची होती. मतभेद होता तो केवळ दोर किती गळ्यांत घालावा, एवढ्यापुरता.

त्यानंतर जे घडले ते कोणत्याही रहस्यकथेतील चतुर नायकामुळे घडलेले नाही. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अज्ञान होता, हे उशिरा उघडकीस आले. म्हणजे कायद्याने ज्याला फाशी देताच येत नाही, अशा मुलाला तीन न्यायालयांतून फाशीची किंवा जन्मठेपेची शिक्षा झाली होती. शिवाय २००९ च्या निकालात ज्या जुन्या पूर्वनिर्णयाचा आधार घेतला गेला होता, तो सर्वोच्च न्यायालयानेच त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात चुकीचा ठरवला होता. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा सदोष निकालांमुळे फाशीच्या छायेत असलेल्या कैद्यांकडे लक्ष वेधले. २०१४ साली घटनापीठाने फाशीच्या प्रकरणांत पुनर्विलोकनाचा अर्ज खुल्या न्यायालयात ऐकला पाहिजे, असा दंडक घातला. त्या दंडकामुळे या सहा जणांचे दार किलकिले झाले. २०१८ साली न्यायालयाने आपला जुना निकाल मागे घेऊन अपिले पुन्हा ऐकण्याचे ठरवले आणि ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर व न्या. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले.

मुक्ततेची कारणे वाचताना अंगावर काटा येतो, तो त्यांच्या गूढतेमुळे नव्हे, तर त्यांच्या साधेपणामुळे. वाचलेल्या स्त्रीला घटनेनंतर दोनच दिवसांनी, म्हणजे ७ जून २००३ रोजी, पोलिसांकडील नामचीन गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा संग्रह दाखवण्यात आला होता. त्यातून तिने चार जणांची छायाचित्रे ओळखली. ते चौघे आणि हे सहा यांचा काही संबंध नव्हता. स्मृती ताजी असताना झालेली ती ओळख होती. ती नोंदली गेली होती, दप्तरात होती. तरीही त्या चौघांचा पुढे तपास झाला नाही, त्यांच्यावर दोषारोपपत्र गेले नाही आणि खटला उभा राहिला तो दुसऱ्याच सहा जणांवर. आरोपी समाजाच्या खालच्या थरातील अत्यंत गरीब मजूर आहेत, त्यांना खोटेपणाने गोवले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने स्वच्छ शब्दांत नमूद केले. तपासातील कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करण्याचा आदेश दिला आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्यास राज्य सरकारला सांगितले.

ज्या स्त्रीने आपले कुटुंब डोळ्यांदेखत गमावले तिला येथे दोष देणे निर्दयपणाचे ठरेल. तिने पहिल्यांदा जे सांगितले ते ऐकले गेले नाही, ही तिच्यावरही झालेली दुसरी फसवणूकच म्हटली पाहिजे.

या पाच लाखांचा हिशेब करून पाहणे उद्बोधक आहे. तुरुंगात गेलेली वर्षे सुमारे सोळा. म्हणजे वर्षाला ३१,२५० रुपये. दिवसाला सुमारे ८६ रुपये. ज्या वर्षी ही माणसे सुटली त्या २०१८-१९ या आर्थिक वर्षात रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रातील अकुशल मजुराचा दर दिवसाला २०३ रुपये होता. माती खोदणाऱ्याच्या रोजाच्या निम्मीही रक्कम निरपराध्याच्या कैदेतील दिवसाला पडली नाही. मजुराला वर्षाचे सर्व दिवस काम कोठे मिळते, असा आक्षेप एखादा व्यवहारी मनुष्य घेईल. आक्षेप रास्त आहे. परंतु मजूर सायंकाळी घरी जातो आणि फाशीच्या कोठडीतील माणसाचा दिवस चोवीस तासांचा असतो, हेही मग हिशेबात धरावे लागेल. तरीसुद्धा हे सहा जण भाग्यवान म्हणायचे. निर्दोष सुटणाऱ्या बहुसंख्यांना छदामही मिळत नाही. निष्कारण अटक घडवून आणणाऱ्याकडून अटक झालेल्यास भरपाई देववण्याची जी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, तिची कमाल मर्यादा एक हजार रुपये होती. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता अमलात आली, कलमांचे क्रमांक बदलले, एक हजारांचा आकडा तेवढा तसाच राहिला.

अर्थशास्त्रात एक साधा नियम सांगतात. ज्या वस्तूचा खर्च वापरणाऱ्याला सोसावा लागत नाही, तिचा वापर बेसुमार होतो. गिरणीच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराचा खर्च गिरणीमालकाच्या वहीत येत नाही, तो भोवतालच्या वस्तीच्या छातीत जमा होतो. चुकीच्या अटकेचे असेच आहे. अटक केल्याबरोबर 'गुन्हा उघडकीस' या सदरात नोंद होते. दोषारोपपत्र न्यायालयात गेले की तपास पूर्ण झाला असे धरले जाते. दहा किंवा पंधरा वर्षांनी आरोपी निर्दोष सुटला तर तोवर तपासी अधिकारी बदलून गेलेला, बढती मिळवलेला किंवा निवृत्त झालेला असतो. जमेची बाजू आज आणि खर्चाची बाजू सोळा वर्षांनी, तीही दुसऱ्याच्या नावावर, अशी ही वही आहे. अशा वहीत प्रामाणिक मनुष्यही उतावळा होईल.

आणि मग प्रश्न उरतो तो एवढाच की अटक कोणाला करावयाची. ज्याचा भाऊ वकील आहे, ज्याच्या घरी संध्याकाळपर्यंत चार प्रतिष्ठित माणसे जमतील, ज्याच्यासाठी आमदाराचा दूरध्वनी येईल, त्याला चुकून पकडणे महागात पडते. ज्याच्या पालाला पत्ता नाही, ज्याच्यापाशी जन्मतारखेचा दाखला नाही, त्याला पकडणे स्वस्त पडते. बाजारात वस्तू निवडताना ग्राहक जे करतो तेच येथे घडते, आणि ते करणाऱ्याला आपण काही निवड करीत आहोत याची जाणीवही नसते. नाशिकच्या खटल्यातील अज्ञान मुलाचे वय वेळेवर सिद्ध झाले नाही याचे कारणही हेच आहे. वय कागदाने सिद्ध होते आणि कागद हा स्थिर घराचा दागिना आहे.

भटक्यांवरचा हा संशय काल-परवाचा नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि मनुष्य काही करण्यापूर्वीच, केवळ जन्माने, गुन्हेगार ठरू लागला. हजेरी, परवाना, तारेच्या कुंपणाची वसाहत या गोष्टी त्यातून आल्या. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. पण सराईत गुन्हेगारांविषयीचे जे कायदे त्याच्या जागी आले त्यांतून जुनी नजर कायम राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातील जातिभेदाविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला या नजरेची दखल घ्यावी लागली. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत विमुक्त जमातींची माणसे सवयीचे गुन्हेगार म्हणून गृहीत धरली जात होती, आणि हे स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षे उलटून गेल्यावर.

खानदेशाला तर हा इतिहास अगदी घरचा आहे. १८१८ साली हा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात आला तेव्हा सातपुड्यातील आणि सातमाळ्यातील भिल्ल हा सरकारी कागदपत्रांतील कायमचा संशयित होता. मोहिमा झाल्या, माणसे मारली गेली, उपयोग झाला नाही. मग १८२५ साली आऊट्रॅम या तरुण अधिकाऱ्याने त्याच भिल्लांची पलटण उभी केली; तिचे ठाणे धरणगावी होते. काल ज्यांना चोर म्हटले तेच आज पगार मिळू लागताच खजिन्यावर पहारा देऊ लागले. आऊट्रॅम काही संत नव्हता, साम्राज्याचाच तो नोकर होता. तथापि ज्याला स्वभाव म्हणत होते ती उपासमार होती, एवढे त्या प्रयोगाने सिद्ध झाले. दोनशे वर्षे झाली. धरणगावच्या शाळांतून ही हकिगत किती मुलांना सांगितली जाते, कोण जाणे.

सांगितली जात असती तर १ जुलै २०१८ चा रविवार कदाचित वेगळा गेला असता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे होते. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, अशा अफवा भ्रमणध्वनीवरून पसरलेल्या होत्या. जमावाने त्यांना संशयावरून धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तेथे मारून टाकले. येथे ना फिर्याद, ना पंचनामा, ना न्यायालय. सोळा वर्षांचे काम काही मिनिटांत उरकले गेले. राईनपाड्याचा जमाव आणि नाशिकचा खटला यांत अर्थातच महदंतर आहे. एके ठिकाणी अखेर चूक दुरुस्त झाली, दुसऱ्या ठिकाणी ती दुरुस्त होण्याची सोयच उरली नाही. पण दोन्हीकडे पहिले पाऊल सारखेच होते. परका दिसला आणि प्रश्न संपले.

हा दोष आपल्याच देशाचा आहे, असे समजून खंतावण्याचे कारण नाही. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉईल याला प्रत्यक्षातील अशाच एका प्रकरणाने ओढून घेतले होते. मूळचे मुंबईचे एक पारशी गृहस्थ, शापुरजी एदलजी, ख्रिस्ती होऊन इंग्लंडमधील एका खेड्यात धर्मोपदेशक झाले होते. त्यांचा मुलगा जॉर्ज वकिली करीत असे. १९०३ साली रात्री शेतात जाऊन घोड्याला जखमी केल्याच्या आरोपावरून त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण कलंक राहिला. डॉईलने त्याची भेट घेतली तेव्हा हा तरुण वर्तमानपत्र डोळ्यांना चिकटवून वाचत होता. इतक्या अधू दृष्टीच्या माणसाने काळोखात शेते तुडवून जनावर गाठावे, हे त्याला अशक्य वाटले. १९०७ च्या आरंभी त्याने वृत्तपत्रात लेख लिहून रान उठवले. त्याच वर्षी सरकारने जॉर्जला माफी दिली, आणि इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांचे स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले त्यालाही हे प्रकरण एक निमित्त ठरले. भरपाई मात्र दिली नाही. गोऱ्या खेड्यातील तो एकुलता सावळा तरुण होता, एवढ्याने बराच पुरावा आपोआप जमला होता.

डॉईलसारखा लेखक प्रत्येक संशयिताला मिळत नाही. टिमथी एव्हान्स याला मिळाला नाही. त्याला १९५० साली लंडनमध्ये पोटच्या मुलीच्या खुनासाठी फाशी झाली. त्याच घरात राहणारा ज्याने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती, तो क्रिस्टी हाच अनेक खून केलेला मनुष्य निघाला. एव्हान्सला माफी मिळाली ती १९६६ साली, मरणोत्तर.

आपल्याकडे तपासाची यंत्रे कोठे घसरतात हे कोणत्याही जिल्हा न्यायालयात आठवडाभर बसले तरी दिसते. ओळखपरेड उशिरा होते. तोवर आरोपीचे छायाचित्र छापून आलेले असते किंवा साक्षीदाराने त्याला ठाण्याच्या ओसरीवर पाहिलेले असते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे खरे. पण आरोपीने दाखवलेल्या जागेतून वस्तू निघाली तर तेवढे निवेदन चालते. म्हणून साऱ्या खटल्याचे ओझे निवेदन पंचनाम्यावर येते आणि पंच बहुधा तेच तेच असतात. बचावासाठी सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने तो मार्गदर्शक तत्त्वांत आला, १९८७ साली त्यासाठी कायदा झाला. परंतु आरोपीला पहिल्या रात्री ठाण्यात वकील लागतो आणि बहुतेकांना तो दिसतो खटला उभा राहिल्यावर. ज्या रात्री कथानक रचले जाते त्या रात्री बचावपक्ष गैरहजर असतो.

या बाबतीत वृत्तपत्रांनाही हात झटकता येणार नाहीत. काळ्या बुरख्यातील आरोपी, मागे रांगेने उभे राहिलेले अधिकारी आणि 'चोवीस तासांत छडा' हा मथळा, हे दृश्य जिल्हा पानावर वाचकाने किती वेळा पाहिले असेल! त्याच आरोपीच्या मुक्ततेची बातमी छापली गेलीच तर ती आतल्या पानावर चार ओळींत येते.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे म्हटले आहे. मात्र ही दुसरी तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. तपासाची शाखा बंदोबस्ताच्या शाखेपासून वेगळी करा, असे तर त्याने २००६ सालीच सांगितले होते; गणपतीच्या मिरवणुकीचा बंदोबस्त आणि खुनाचा तपास एकाच फौजदाराच्या गळ्यात का असावा, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. या सुधारणा चांगल्या आहेत. परंतु वहीच्या खर्चाच्या बाजूला त्या हात लावीत नाहीत.

खर्चाच्या बाजूचा विचार विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधील आपल्या २७७ व्या अहवालात केला. दुष्ट बुद्धीने किंवा अप्रामाणिकपणे चालवलेल्या खटल्याला बळी पडलेल्यांसाठी विशेष न्यायालये असावीत, ठरलेल्या मुदतीत भरपाई मिळावी, असा त्याचा आशय आहे. आज त्यांना नागरी दाव्याची किंवा घटनात्मक अर्जाची वाट धरावी लागते आणि ती वाट पुन्हा वकिलाच्या दारावरून जाते. त्या अहवालानुसार कायदा झालेला नाही. खर्च वाढेल, ही भीती बोलून दाखवली जाते. वस्तुतः खर्च आजही होतोच आहे. तो फक्त सरकारच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात बॉम्बस्फोट झाले, तिसाहून अधिक माणसे मेली. पकडलेल्या नऊ जणांना २०११ साली जामीन मिळाला आणि २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना दोषारोपांतून मुक्त केले. तोवर त्यांच्यापैकी एक जण हयात नव्हता. धुळ्याहून मुंबईस जाणारी प्रत्येक एसटी त्या गावावरून जाते.

धुळ्याच्या तुरुंगाचे नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १९३२ साली विनोबांनी गीतेवरील प्रवचने तेथे दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या कैद्यांना आपण का आत आहोत हे पक्के ठाऊक होते आणि बाहेर सारा देश त्यांच्या नावाने उभा होता. आज देशातील तुरुंगांत जी माणसे आहेत त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. त्यांचा दोष अद्याप ठरावयाचा आहे. त्यांत खरे गुन्हेगार पुष्कळ असतील. किती नसतील, हे मोजण्याची पद्धत कोणत्याही सरकारी तक्त्यात नाही.

नाशिकच्या खटल्याच्या दप्तरातील चार छायाचित्रांची गोष्ट राहून जाते. ओळखले गेले म्हणून ते चौघे दोषी ठरत नाहीत; त्यांच्याही बाबतीत घाई करणे म्हणजे तीच चूक पुन्हा करणे होय. पण त्यांना विचारावयाचे होते. त्या रात्री ते कोठे होते, एवढा प्रश्न जून २००३ मध्ये एका दिवसात निकाली निघाला असता. सहा जण घरी परतले तेव्हा त्या रात्रीला पंधरा वर्षे आणि नऊ महिने झाले होते, आणि मेलेल्या पाच जणांचा खुनी कोण, याचे उत्तर त्या निकालात नव्हते.